फोनवरचे साहेब

माझे आजोबा लाकडाच्या एका मोठ्या गोदामावर मुकादम होते. क्रेनची घरघर चालू असतानाही त्यांची हाक गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. त्यांचा आवाज खोल, भरीव आणि जरासा खरबरीत होता, आणि तो त्यांना शोभायचा. लोक त्यांना नुसतं "मुकादम" म्हणायचे, तेही मानानं.

त्यांना दोन मुलं. थोरले माझे बाबा आणि धाकटी माझी आत्या. सगळ्यांच्या मते आजोबांचा गळा मुलाकडे जायला हवा होता. तो मुलीकडे गेला, आणि आजीचा बारीक, किनरा आवाज बाबांच्या वाट्याला आला. वाटपात घोळ झाला, असं बाबा अजून सांगतात. सांगताना त्यांचा आवाज आणखी वर चढतो.

आत्या लहानपणी चारचौघींसारखीच बोलायची. वयात येताना तिचा आवाज खाली उतरायला लागला आणि उतरतच गेला. घरच्यांना आधी सर्दी वाटली. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर झाला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, रक्त तपासलं आणि मुलगी ठणठणीत आहे, हिचा आवाजच असा आहे, असं सांगून टाकलं. आजीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण आजार असता तर त्यावर औषध तरी असतं, असं तिला वाटलं.

शाळेत गाण्याच्या तासाला आत्याला मागच्या रांगेत उभं करायचे आणि नुसते ओठ हलवायला सांगायचे. हजेरी घेताना ती "हजर" म्हणाली की अख्खा वर्ग वळून बघायचा. मुलींनी तिचं नाव ठेवलं "मुकादम". बाप आणि लेक, दोघांना एकाच आवाजासाठी एकच नाव मिळालं होतं. बापाला ते ऐकून उभारी यायची, लेकीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

बाबांची तऱ्हा उलटी. फोनवर वाणी त्यांना "ताई, काय पाठवू?" विचारायचा. तेव्हा बहीण-भावानं आपसांत एक तोडगा काढला होता. कुठे जरा दमात घ्यायचं असलं की फोन आत्यानं करायचा. एकदा भिंतीतला पाइप गळत होता आणि घरमालक दुरुस्तीचं नाव काढत नव्हता. बाबांनी फोन केला की तो "बघतो हं वहिनी" म्हणून ठेवून द्यायचा. मग आत्यानं फोन हातात घेतला, "मी मुकादमांचा मुलगा बोलतोय" एवढं म्हणाली आणि पाइप कधी बदलणार ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर दारात हजर. पुढे घरमालकाची आणि बाबांची रस्त्यात गाठ पडली, तेव्हा तो बराच वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला म्हणे.

घरात हे चालायचं, बाहेर नाही. चार लोकांत गळा वर ठेवून बोलायचं, असं आजीनं आत्याला बजावलं होतं. आत्यानं ते शिकूनही घेतलं. हनुवटी जरा उचलायची, श्वास वरच्या वर ठेवायचा आणि घशाच्या टोकाशी शब्द काढायचे. असा एक बारीक, नाजूक आवाज तिनं तयार केला. घरात त्याला "बाहेरचा आवाज" म्हणत. तासभर त्या आवाजात बोललं की तिचा घसा दुखायचा. कॉलेज तिनं त्याच आवाजात काढलं. त्या दिवसांबद्दल ती मला एकदा म्हणाली, "त्या आवाजात मला भांडता यायचं नाही. विनोद सांगता यायचा नाही. फक्त 'हो' आणि 'चालेल' तेवढं बरं निघायचं. मग मी हो आणि चालेल म्हणणारी मुलगी झाले."

नोकरी लागली ती अग्निशमन केंद्रात, टायपिस्ट म्हणून. मुलाखतही बाहेरच्या आवाजात दिली. तिचं टेबल कंट्रोल रूमला लागून होतं, मध्ये काचेचं दार. आत भिंतभर शहराचा नकाशा, दोन फोन, बगळ्यासारख्या मानेचा वायरलेसचा माइक आणि ऑपरेटरची खुर्ची. त्या खुर्चीवर उशी बांधलेली होती, कारण पाळीभर तिथून उठायची सोय नसायची. आगीची खबर आली की तिला "वर्दी" म्हणायचे. वर्दी आली की ऑपरेटरनं पत्ता घ्यायचा, वायरलेसवर बंबांना सांगायचं आणि बंब पोचेपर्यंत दोन्हीकडे बोलत राहायचं.

एका दुपारी ऑपरेटर जेवून हात धुवायला गेला होता आणि फोन वाजला. वाजतच राहिला. आत्या आत गेली आणि तिनं तो उचलला. पलीकडून एक माणूस नुसता "आग, आग" ओरडत होता. मागे पत्र्याचा आवाज, कुणाची तरी रडारड. बाहेरचा आवाज काढायला आत्याला सुचलंच नाही. पोटातून आला तो तिचा स्वतःचा आवाज. श्वास घ्या, कुठून बोलताय, समोर काय दिसतंय, असं तिनं एकेक करून विचारलं.

"पाण्याची टाकी दिसतेय, साहेब. शाळेच्या मागची."

"आत कोणी आहे?"

"दोघं आहेत, साहेब."

"त्यांना बाहेर काढा. सामान राहू द्या. फोन खाली ठेवू नका, तसाच सोडून जा. बंब येतोय."

मग ती वायरलेसवर बोलली. हात पुसत ऑपरेटर परत आला, तोवर बंब फाटकाबाहेर पडले होते. दारात स्टेशन ऑफिसर उभे होते. आपण दुसऱ्याच्या कामात हात घातला, आता आपली खैर नाही, असं वाटून आत्या "माफ करा सर" म्हणाली. हे अर्थात बाहेरच्या आवाजात. ऑफिसरनी तिच्याकडे पाहिलं आणि हा आवाज नको, मघाचा द्या, असं म्हणाले. महिन्याभरात तिचं टेबल काचेच्या आत गेलं.

आग लागली होती ती फर्निचरच्या कारखान्यात. भुशाच्या ढिगानं पेट घेतला होता. निम्मा कारखाना जळाला, पण माणसं वाचली. कारखान्याचा मालक स्वतः सुतार होता. थोड्या दिवसांनी तो भाजलेल्या हाताला पट्टी बांधून केंद्रावर आला, फोनवरच्या साहेबांचे आभार मानायला. कंट्रोल रूममध्ये त्याला एक तरुण मुलगी तेवढी दिसली. साहेब घरी गेलेत का, असं त्यानं विचारलं. "साहेब इथंच आहेत," आत्या म्हणाली. ते शब्द कानावर पडले आणि तो दिसेल त्या स्टुलावर बसला. आभार मानायचे राहूनच गेले म्हणून दुसऱ्यांदा आला, मग तिसऱ्यांदा. तेच आमचे काका. लग्न झाल्यावरही त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. "साहेब, चहा झालाय," असंच त्यांच्या घरात चालायचं.

बाहेरचा आवाज आत्यानं त्यानंतर सोडून दिला. नातेवाइकांत बसली असताना आजी एकदोनदा तिचा दंड दाबून खूण करायची, पण आत्या आपल्याच सुरात बोलत राहायची. ती आता भांडायची, विनोद सांगायची, आणि सांगायच्या आधीच हसायची. केंद्रावर तर तिच्या आवाजाचा जवानांना आधार होता. तिथले पथकप्रमुख मोजून-मापून बोलणारे. ते मला म्हणाले होते की धुरात हात पुढे केला तर हात दिसत नाही, पण कानात मॅडमचा आवाज आला की पायाखाली जमीन आहे हे कळतं.

आत्याची पन्नाशी उलटल्यावर तो आवाज बिघडायला लागला. आधी घोगरा झाला, मग वाक्याच्या मध्येच विरायचा. तिनं ते मनावर घेतलं नाही. काकांनी धरून दवाखान्यात नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. काढावी लागेल आणि आवाज थोडा बदलू शकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाठ साधी निघाली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. आवाजाचं काय होईल याचा विचार करायला त्या दिवसांत कुणाला फुरसत नव्हती.

ऑपरेशननंतर काही दिवस बोलायला बंदी होती. आत्या पाटीवर लिहायची आणि काका तिला मोठमोठ्यानं उत्तरं द्यायचे. "मला ऐकू येतंय," हे तिनं पाटीवर इतक्यांदा लिहिलं की शेवटी तेवढं वाक्य ती पुसायचीच नाही. मग एका सकाळी डॉक्टरांनी बोलायला सांगितलं. मी शेजारी होते. आत्या "पाणी" म्हणाली आणि तिनं मागे वळून पाहिलं. कोण बोललं ते बघायला.

तो बारीक, हवा सुटल्यासारखा आवाज होता. जखम भरताना स्वरतंतू ताठ झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

नातेवाइकांना आनंद झाला. भेटायला आलेल्या मामी म्हणाल्या की देवानं आजारपणाच्या निमित्तानं का होईना, चूक दुरुस्त केली. आता कसा शोभतो! आत्या त्यांना "हो" म्हणाली.

आजी तेव्हा आमच्याकडे राहायची. तिला दिसायचं कमी, पण कान तिखट होते. आत्या दारातून आत आली आणि "आई, कशी आहेस?" म्हणाली. कोण आलंय, असं आजीनं मला विचारलं. आत्या आलीय, असं मी सांगितलं. मग आजीनं तिला परत बोलायला लावलं. आत्या खाटेवर तिच्याजवळ बसली, बोलली.

"अगं," आजी म्हणाली, "मग तुझ्या बाबांचा आवाज आता कुठेच राहिला नाही."

आजोबा जाऊन खूप वर्षं झाली होती. मुलगी घरी आली की आजी डोळे मिटून का बसायची, ते मला त्या दिवशी कळलं.

"तुलाच तो नको होता ना?" आत्या म्हणाली.

"मला लोकांची भीती वाटायची," आजी म्हणाली. "आवाजाची नाही."

आत्या पुढे काही बोलली नाही. आपल्याला आधी संताप आला होता, आणि तो संताप त्या नव्या आवाजात मावतच नव्हता म्हणून गप्प बसलो, असं तिनं मला नंतर सांगितलं.

रजा संपल्यावर ती कामावर गेली. पहिल्याच आठवड्यात कागदाच्या गोदामाची वर्दी आली. आत्यानं पत्ता घेतला आणि वायरलेसवर सांगितलं. बंब रस्त्यात असताना तिला कळलं की नेहमीचा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणून तिनं गाडी वळवायला सांगितली. पलीकडून पथकप्रमुखांनी विचारलं, कंट्रोल, कोण बोलतंय? आत्यानं सांगितलं. ते म्हणाले, मॅडमना द्या. तिनं पुन्हा सांगितलं, मीच बोलतेय. त्यांनी पुन्हा विचारलं. शेवटी दुसऱ्या ऑपरेटरनं माइक घेऊन खात्री दिली, तोवर बंब पुलापर्यंत जाऊन उलटा फिरला होता. आग आटोक्यात आली, कुणाला काही झालं नाही. पण आत्यानं स्वतःच ऑफिसरांकडे जाऊन मला माइकवरून काढा म्हणून सांगितलं आणि ती पुन्हा रजेवर गेली.

मग काका एक दिवस आमच्याकडे आले. चहा तसाच गार होऊ दिला आणि बाबांना म्हणाले, "साहेब भांडत नाहीत हो. काहीही विचारा, 'चालेल' म्हणतात. परवा मी मुद्दाम भाजी खारट केली, तरी 'चालेल'."

हा शब्द कुठून परत आला ते बाबांना आणि मला लगेच कळलं. काकांना ती पूर्वीची मुलगी माहीतच नव्हती.

डॉक्टरांनी आवाजाच्या व्यायामासाठी एका बाईंचं नाव दिलं होतं. आत्या जायला तयार नव्हती. मीच तिला घेऊन गेले. छोटीशी खोली, टेबलावर आरसा, एक पेला आणि स्ट्रॉ. त्या थेरपिस्ट वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी आत्याला वर्तमानपत्र वाचायला दिलं, लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तुम्हाला कुठला आवाज हवाय?"

"मिळेल तो," आत्या म्हणाली.

"मिळेल कुठला, ते नंतर बघू. हवाय कुठला?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी केला नव्हता. कुणी म्हणालं वर ने, कुणी म्हणालं खाली आण. डॉक्टरांनी गाठ काढली आणि जो उरला तो उरला.

"माझा," ती शेवटी म्हणाली. तो कसा होता ते सांगा म्हटल्यावर मात्र तिला सांगता येईना. आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, बाहेरून नाही. मग मी केंद्रावर गेले. तिथे वर्दीचे फोन रेकॉर्ड होतात. ऑफिसरांच्या परवानगीनं दोन जुन्या वर्द्या मिळाल्या. पुढच्या खेपेला आम्ही त्या ऐकल्या. "बाई भारदस्त आहे," आत्या म्हणाली, जणू तिसऱ्याच कुणाबद्दल.

थेरपिस्टनी ती रेकॉर्डिंग परत परत लावली आणि मग एक गोष्ट दाखवली. जुन्या आवाजात आत्या प्रत्येक वाक्याआधी पोटापर्यंत श्वास घ्यायची. आता ती हनुवटी उचलून वरच्या वर श्वास घेत होती. तुम्ही आधी कधी असं बोलत होता का, असं त्यांनी विचारलं. आत्या आरशात बघत राहिली आणि मग तिनं बाहेरच्या आवाजाची सगळी हकिकत सांगितली. ऑपरेशननंतर आवाज बारीक निघाला, आणि बारीक आवाजात कसं वागायचं ते तिच्या अंगाला पाठ होतं. अंगानं तिला न विचारता ते सुरू केलं होतं.

"थोडं जखमेचं आहे, थोडं सवयीचं," थेरपिस्ट म्हणाल्या. "जखमेचं माझ्या हातात नाही. सवयीचं बघू."

मग व्यायाम सुरू झाले. स्ट्रॉ पाण्यात बुडवून गुणगुणायचं, म्हणजे पेल्यात बुडबुडे येतात. काकांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा गॅसवर काहीतरी उतू जातंय म्हणून ते स्वयंपाकघरात धावले. बरेच महिने हे चाललं. आवाज हळूहळू खाली आला. आजोबांच्या आवाजाइतका नाही आला, आणि येणारही नाही, हे थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं होतं. मधेच कुठेतरी, थोडा फाटका, कडेला हवा असलेला, असा तो स्थिरावला. आत्या आजीला रोज फोन करायची. आजी म्हणायची, हा तुझ्या बाबांचा नाही, पण तुझा आहे हे कळतं. त्या रोजच्या फोनची आजीला इतकी सवय झाली की उशीर झाला तर ती मला नंबर लावायला सांगायची. पुढच्या वर्षी आजी गेली.

कामावर परतायच्या आधी आत्यानं ऑफिसरांना एक विनंती केली. सराव ठेवा आणि प्रत्येक पथकाशी मला वायरलेसवर बोलू द्या, म्हणाली. माझा गळा बदललाय, त्यांचे कान अजून जुनेच आहेत. त्याप्रमाणे सराव झाला. बंब शहरभर फिरत होते, जवान खोट्या आगीकडे जात होते आणि आत्या त्यांना खरोखरच्या रस्त्यानं नेत होती. संध्याकाळी पथकप्रमुख कंट्रोल रूममध्ये आले, टोपी हातात धरून. त्या दिवशी मॅडमना ओळखलं नाही, याची त्यांना लाज वाटत होती. अनोळखी आवाजावर गाडी वळवायची नाही हे मीच तुम्हाला शिकवलंय, तुम्ही बरोबर केलंत, असं आत्यानं त्यांना सांगितलं. आणि इतकी वर्षं मला कधी चहा विचारला नाहीत, आज तरी विचारा, असं म्हणून त्यांनाच चहा आणायला पाठवलं.

निवृत्त होईपर्यंत ती त्याच खुर्चीवर होती. फोन करणारे कधी "साहेब" म्हणायचे, कधी "मॅडम". एकदा एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बोलल्यावर म्हणाले की तुम्ही बाई की पुरुष हे कळेना, पण मांजर झाडावरून उतरलं.

आता ती दर गुरुवारी त्या थेरपिस्टच्या दवाखान्यात जाते. तिथे ज्यांचं स्वरयंत्रच काढावं लागलं आहे अशी माणसं एकत्र बसतात. कुणी गळ्याला छोटं यंत्र लावून बोलतं, कुणी ढेकर दिल्यासारखा श्वास वापरून. आत्याचं काम एवढंच, त्यांच्याशी गप्पा मारायच्या आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचं. बाहेर कुणी तेवढं थांबत नाही, अशी त्यांची तक्रार असते. त्यांत एक निवृत्त बस कंडक्टर आहेत. यंत्राचा आवाज सपाट येतो, त्यात ना राग कळतो ना गंमत, म्हणून ते सुरुवातीला बोलायचेच नाहीत. मागच्या गुरुवारी मी आत्याला न्यायला गेले तेव्हा त्यांचा सराव चालला होता. यंत्र गळ्याला लावून ते आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे ओळीनं म्हणत होते. बाकीची मंडळी आपापला थांबा आला की हात वर करत होती. आत्यानं हात वर केला तेव्हा, इथेच का उतरायचं, असं त्यांनी विचारलं. तिथल्या टपरीवर चहा बरा मिळतो, आत्या म्हणाली. कंडक्टर म्हणाले की ती टपरी कधीच बंद झाली. मग पुढे जाऊ, म्हणून आत्यानं हात खाली घेतला आणि त्यांनी पुढचा थांबा सांगितला.